चाळीस सालचं विमान शिकायचं म्हणतो!



या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक ओळखीच्या वाटेनं येतात. हरभऱ्यावरची घाटेअळी, सातबाऱ्यावर राहून गेलेलं नाव, सूनबाईंचं दुखणं, पोराची बारावी. गेल्या पंधरवड्यात मात्र वाशीम जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आणि ते दोनदा वाचावं लागलं. नाव-गाव छापू नका अशी त्यांची सूचना आहे, म्हणून ते वगळून बाकीचं त्यांच्याच शब्दांत देतो.

"दादा, माझा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपासून अमेरिकेत इलिनॉय राज्यात शेतीच्या यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिकडंही आपल्यासारखंच मका आणि सोयाबीन. गेल्या सप्टेंबरात तो गेल्सबर्ग नावाच्या गावी जुन्या विमानांचा मेळा बघून आला आणि तेव्हापासून त्याचा एकच धोशा, मला त्या विमानावर उडायला शिकायचंय. फोनवर त्यानं मला ते विमान दाखवलं. पंखावर पंख, वर छप्पर नाही, माणसाचं डोकं उघड्यावर. कधीचं म्हणून विचारलं, तर म्हणतो एकोणीसशे बेचाळीसचं! आमच्या घरात त्या सालची एकच वस्तू उरलीय, सासूबाईंचं जातं, आणि त्याचाही खुंटा तीनदा बदललाय. यंदा विहीर खोल करायचं ठरलं होतं, त्याचे पैसे पुढच्या वर्षी पाठवले तर चालतील का, असं विचारतो. दादा, त्याचे वडील ट्रॅक्टरखाली गेले. हा तेव्हा नववीत होता. एक माणूस यंत्रानं नेलंय. मी त्याला नाही म्हणू का? आणि हो म्हणायचं तर काय काय विचारून घेऊ, ते लिहा. वर थंडी वाजत असेल का, तेही लिहा."

ताई, हो म्हणावं की नाही हे मी सांगणार नाही. तो तुमचा आणि चिरंजीवांचा प्रश्न आहे, आणि तुमच्या घरात जे घडलं त्यानंतर बाहेरच्यानं त्यात तोंड घालू नये. पण काय विचारून घ्यावं, याला माझ्याकडं उत्तर आहे. थोडं लांबेल, इतर वाचकांनी सांभाळून घ्यावं. परगावी असलेली मुलं आज बऱ्याच घरांत आहेत आणि त्यांचे छंद आपल्याला फोनवरूनच कळतात.

आधी ते विमान कोणतं ते बघू. गेल्सबर्गला १९७२ सालापासून मेळा भरत आलाय तो स्टिअरमन विमानांचा. लॉइड स्टिअरमन या माणसाच्या नावावरून हे नाव पडलं. कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात, पुढं बोइंग कंपनीच्या छत्राखाली, १९३४ पासून दुसरं महायुद्ध संपत येईपर्यंत अशी आठ हजारांहून अधिक विमानं बांधली गेली. ती लढायला नव्हती, शिकवायला होती. एकामागं एक दोन बैठका, दोन्हीकडं तोच दांडा, तीच पायांची पेडलं. मागं विद्यार्थी, पुढं गुरुजी. गुरुजींच्या तोंडाशी एक नळी, तिचं दुसरं टोक विद्यार्थ्याच्या कानांना. गुरुजींनी ओरडायचं आणि विद्यार्थ्यानं ऐकायचं, उलट बोलायची सोयच नाही! आता दोघांच्या कानाला यंत्र असतं आणि बोलणं दोन्हीकडून होतं, हे बरं की वाईट ते गुरुजींनाच विचारावं.

पंख लाकडाचे, वर कापड ताणून त्यावर लेप दिलेला. धड पोलादी नळ्यांचं, त्यावरही बहुतेक कापडच. पंखांचा पल्ला बत्तीस फूट, रिकामं वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरच्या निम्म्याहून कमी. इंजिन मात्र २२० अश्वशक्तीचं, सात नळकांडी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल मांडलेली. युद्धाच्या काळात खेड्यापाड्यांतून आलेली हजारो पोरं, ज्यांचे हात तोवर फक्त नांगराला आणि ट्रॅक्टरला लागले होते, ती याच विमानावर बसली आणि आठ-दहा तासांच्या शिकवणीनंतर एकटी वर गेली. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथं काळ्या वैमानिकांची पहिली तुकडी तयार झाली, तिथंही सुरुवातीची शिकवणी स्टिअरमनवरच होती. ही माणसं लढाऊ विमान चालवू शकणार नाहीत, असं तोवर तिथल्या लष्करातले मोठे मोठे लोक म्हणत होते.

आणि ताई, हे विमान तुम्हा-आम्हाला वाटतं तितकं परकंही नाही. पिकावर विमानातून औषध टाकण्याचा पहिला प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ झाला. झाडांवर अळी पडली होती, आणि औषध टाकायला जे विमान वापरलं तेही असंच दुहेरी पंखांचं, पहिल्या महायुद्धात शिकवणीसाठी बांधलेलं. दुसरं युद्ध संपल्यावर स्टिअरमन मोडीच्या भावात विकायला निघाली, तेव्हा ती शेतकऱ्यांच्या कामाला लागली. पुढची बैठक काढून तिथं औषधाची टाकी बसवली, इंजिन दुपटीहून जोरदार घातलं, आणि पुढची कित्येक वर्षं ही विमानं कापसावर आणि भातावर फवारत हिंडली. इंग्लंडचं असंच शिकवणीचं विमान टायगर मॉथ. न्यूझीलंडमध्ये १९४९ पासून त्याच्याकडून डोंगरउतारावरच्या कुरणांवर सुपर फॉस्फेट टाकून घेतलं. तुमचा मुलगा शेतीच्या यंत्रांतला आहे, त्याचा जीव त्या विमानात अडकला यात मला तरी नवल वाटत नाही.

आपल्याकडंही वैमानिकांची पहिली पिढी दुहेरी पंखांवरच तयार झाली. जे. आर. डी. टाटांनी मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळवला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. तेव्हा क्लबातली शिकवणीची विमानं मॉथ जातीची असत. १९३६ साली लाहोरात सरला ठकराल या एकवीस वर्षांच्या बाई साडी नेसून जिप्सी मॉथमध्ये बसल्या आणि एकट्या उडून आल्या. घरी चार वर्षांची मुलगी होती. त्यांच्या आईंना काय वाटलं असेल, ते कुठं लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. आपल्या हवाई दलानंही एक जुनं टायगर मॉथ दुरुस्त करून घेतलं आणि २०१२ साली हवाई दल दिनाला ते उडवलं.

आता तुमच्या जात्याकडं येतो. तुम्ही म्हणता खुंटा तीनदा बदलला. विमानाचंही तेच असतं. १९४२ सालचा त्यात असतो तो सांगाडा आणि नंबराची पट्टी. कापड कितीतरी वेळा बदललेलं, आता बहुतेक पॉलिएस्टरचं. इंजिन ठरावीक तासांनी संपूर्ण उघडून बांधलेलं. पंखातलं लाकूड तपासलेलं, लागेल तिथं नवं घातलेलं. अमेरिकेच्या नियमानं प्रत्येक विमानाची वर्षातून एकदा परवानाधारक कारागिराकडून पूर्ण तपासणी लागते, आणि पैसे घेऊन शिकवायला दिलेल्या विमानाची दर शंभर तासांनीही. हे सगळं वहीत लिहिलेलं असतं. म्हणून "किती सालचं" यापेक्षा "वही दाखवा" हा प्रश्न मोठा. वही दाखवायला जो काचकूच करतो, त्याच्या विमानात बसू नये. पूर्वी फवारणीला वापरलेल्या विमानाच्या परवान्याचा वर्ग वेगळा असू शकतो, तेव्हा या विमानावर पैसे घेऊन शिकवायची मुभा कागदावर आहे ना, हेही त्याच वेळी बघून घ्यावं.

अवघड काय आहे, ते आता सांगतो, कारण तुमची भीती तिथं आहे आणि ती खोटी नाही.

हल्लीच्या बहुतेक लहान विमानांना नाकाखाली एक चाक आणि मागं दोन असतात. या जुन्या विमानांना पुढं दोन आणि शेपटीखाली एक बारकं. फरक ऐकायला थोडा, पण सगळी मेख त्यात आहे. ट्रॅक्टरनं भरलेली ट्रॉली उलटी नेताना काय होतं आठवा. सरळ ओढताना ट्रॉली आपली आपण मागं येते. उलटी ढकलायला लागलं की जरा तिरकी झाली, की आणखी तिरकी होते, आणि वेळीच स्टिअरिंग फिरवलं नाही तर पार आडवी. शेपटीच्या चाकाचं विमान जमिनीवर तसं वागतं. त्याचं वजन पुढच्या दोन चाकांच्या मागं असतं. उतरल्यावर नाक जरा वळलं की मागचं वजन पुढं यायला बघतं, आणि चालवणाऱ्यानं लगेच पायानं सावरलं नाही तर विमान जागच्या जागी गिरकी घेतं, एका बाजूचा पंख जमिनीला घासतो. स्टिअरमनची पुढची दोन चाकं जवळजवळ असल्यानं तर ते या खोडीसाठी नावाजलेलं आहे. त्यात जमिनीवर असताना नाक वर आणि शेपूट खाली, त्यामुळं समोरचं दिसत नाही. वाट बघायला सापासारखं नागमोडी चालावं लागतं.

हवेत ते समजूतदार आहे, पण आळशी पायांना माफ करत नाही. दांडा एका बाजूला कलवला की विमान कलतं, पण नाक आधी उलट्या बाजूला ओढ घेतं. पायानं शेपटाचं सुकाणू त्याच वेळी, तेवढंच दाबावं लागतं. नव्या विमानांत ही ओढ कमी केलेली असल्यानं पाय नुसते ठेवले तरी चालून जातं. म्हणूनच अनुभवी वैमानिकसुद्धा जुन्या दुहेरी पंखांवर शिकायला येतात, आपले पाय झोपले होते हे त्यांना तिथं कळतं.

गिरकीत बहुतेक वेळा पंखाचं टोक आणि चाकाचे दांडे मोडतात, माणूस चालत बाहेर येतो. जिवावर बेतणारी गोष्ट निराळी. जमिनीजवळ, वेग कमी, आणि वळताना नाक जास्त वर धरलं तर पंखाची हवेवरची पकड सुटते आणि सावरायला उंची उरत नाही. हे जुन्या विमानातही होतं आणि नव्यातही. चांगला शिक्षक हेच आधी शिकवतो, वर भरपूर उंचीवर नेऊन, मुद्दाम पकड सोडवून, पुन्हा पुन्हा. आणि पंखा! आपल्याकडं मळणीयंत्रात बाही अडकून किती हात गेले हे मी तुम्हाला सांगायला नको. विमानाचा पुढचा पंखा फिरताना दिसत नाही. या इंजिनाच्या खालच्या नळकांड्यांत रात्रीतून तेल उतरतं, म्हणून चालू करण्याआधी पंखा हातानं काही वेळा फिरवून बघतात. त्या वेळी विजेची कळ बंद आहे हे स्वतः बघितल्याशिवाय हात लावू नये. कारखान्यातल्या मुलाला हे समजायला वेळ लागणार नाही.

म्हणजे सगळं येऊन ठेपतं ते शिक्षकावर. विमान शोधणं सोपं, शिक्षक शोधणं कठीण. इथं तुमचा मुलगा फसू शकतो, आणि फसला तर पैशानं तरी नक्की फसेल.

कारण असं, की जाहिराती बऱ्याच असतात, पण त्या फेरीच्या असतात. पंधरा-वीस मिनिटं वर नेतात, टोपी-गॉगल घालून फोटो काढतात, दांडा क्षणभर हातात देतात आणि खाली आणतात. त्यात गैर काही नाही, जत्रेतल्या पाळण्यात आपण बसतोच. पण ती शिकवणी नव्हे. ओळखायचं कसं? साधारण खूण अशी: मला पुढं बसवणार की मागं, हे विचारायचं. स्टिअरमन एकट्यानं उडवायचं ते मागच्या बैठकीतून. फेरीच्या गिऱ्हाईकाला पुढं बसवतात, शिकणाऱ्याला मागं. दुसरं विचारायचं, उतरवायला माझं मला देणार का, आणि कितव्या तासाला. तिसरं, एकट्यानं उडायला कधी देणार. या तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी "देणार नाही" असंच उत्तर येईल, कारण विम्याची कंपनी परवानगी देत नाही. ते खरं सांगणारा माणूस चांगला. "बघू पुढं" म्हणणाऱ्यापासून जरा सावध राहावं.

शिक्षकानं या जातीच्या विमानावर स्वतः किती तास काढलेत आणि गेल्या तीन महिन्यांत किती, हे दोन्ही विचारावं. वीस वर्षांपूर्वी हजार तास उडवलेला आणि यंदा एकदाही न बसलेला माणूस मला तरी नको. वाऱ्याचा अंदाज घेऊन "आज नको" म्हणतो का, तेही बघावं. शक्यतो गवताच्या धावपट्टीवर शिकवणारा बघावा. गवतावर चाक जरा आडवं सरकतं आणि चूक पोटात घालतं, डांबरावर ते पकडतं आणि गिरकी घडवतं. आणि ताई, एक प्रश्न तुम्ही स्वतः फोनवर विचारा: खांद्यावरून येणारे पट्टे दोन्ही बैठकांना आहेत का? सुरुवातीला या विमानांत नुसते कमरेचे पट्टे असत. बऱ्याच मालकांनी नंतर खांद्याचे बसवून घेतले, सगळ्यांनी नाही. नसतील तर दुसरं विमान बघायला सांगा, यात भीड धरू नका.

नांगर धरायला मला आजोबांनी शिकवलं. ते माझ्या उजव्या बाजूनं चालायचे, हात पाठीमागं बांधलेले. तास वाकडं गेलं तरी बोलायचे नाहीत, बैल बांधावर चढायला लागले की मगच एक हात पुढं यायचा. शेजारच्या पोराला त्याचे काका शिकवायचे, ते रुमण्यावरचा हातच सोडायचे नाहीत. त्या पोराचं तास पहिल्या दिवसापासून सरळ, पण काका आजारी पडले तेव्हा त्याला एकट्याला नांगर धरवेना. अमेरिकेतले काही जुने शिक्षक पुढच्या बैठकीतून दोन्ही हात वर काढून कडेवर ठेवतात म्हणे, मागच्या विद्यार्थ्याला दिसावं की आत्ता विमान त्याच्याच हातात आहे. असा माणूस मिळाला तर तुमच्या मुलानं त्याचे पाय धरावेत.

मिळेल कुठं? जाहिरातीतून मिळायची शक्यता कमी. गेल्सबर्गच्या मेळ्यात ज्यांनी विमानं आणली त्यांनाच विचारावं, तुम्ही कुणाकडं शिकलात. एक नाव तीन तोंडांतून आलं की ते धरावं. दुसरा रस्ता म्हणजे एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन नावाची हौशी विमानवाल्यांची संस्था, १९५३ सालची. तिच्या गावोगाव शाखा आहेत, आणि शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश इथं १९७० पासून उन्हाळ्यात तिचा मोठा मेळा भरत आलाय. शाखेच्या बैठकीत चहा-कॉफीच्या वेळी जी माहिती मिळते ती कुठं छापलेली नसते. आणि तिसरा, मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो, लहान विमानतळावरचा कारागीर. मोडून आलेली विमानं त्याच्याकडं येतात. कोणत्या शिक्षकाच्या विद्यार्थ्यांनी चाकं मोडली, हे त्याला तोंडपाठ असतं.

आता थोडं कायद्याचं, कारण परदेशात कागद चुकला तर नोकरीवर येतं. अमेरिकेत अकरा सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर नियम कडक झाले. परदेशी नागरिकाला पहिल्या परवान्याची शिकवणी सुरू करण्याआधी तिथल्या सरकारची सुरक्षा-मंजुरी घ्यावी लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात. ओळखीपुरत्या एका फेरीला ते लागत नाही. शिक्षक "ते नंतर बघू" म्हणाला तरी चिरंजीवांनी ऐकू नये. शिवाय वैद्यकीय तपासणी आहे. खाजगी परवान्याला कमीत कमी ४० तास उडावं लागतं, त्यात २० शिक्षकाबरोबर आणि १० एकट्यानं. त्यातले ३ तास रात्रीचे आणि ३ तास बाहेर न बघता नुसत्या घड्याळांवर. उघड्या स्टिअरमनमध्ये बहुधा ही घड्याळंही नसतात आणि रात्रीचे दिवेही. म्हणजे सगळं शिक्षण त्या एकाच विमानावर होणं जवळजवळ अशक्य, दुसरं साधं विमान लागणारच. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगणारा शिक्षक प्रामाणिक समजावा.

माझं मत विचाराल तर त्यानं उलट वाटेनं जावं. आधी शेपटीच्या चाकाचं एखादं हलकं, साधं विमान धरावं. पायपर कब नावाचं पिवळं विमान पुष्कळ ठिकाणी असतं, इंजिन ६५ अश्वशक्तीचं, आपल्या मोठ्या ट्रॅक्टरएवढंच. खोडी तीच, पण जोर कमी. शेपटीच्या चाकाचं विमान एकट्यानं चालवायला तिथं १९९१ पासून शिक्षकाची वेगळी सही लागते. त्याला तास ठरलेले नाहीत, ज्याला आधी उडता येतं त्याला साधारण पाच ते दहा लागतात, नवख्याला अर्थात जास्त. पाय जागे झाले की मग स्टिअरमन. वासरू आधी हलक्या वखराला जुंपतो, एकदम नांगराला नाही, तसंच.

पैशाचं बघा. स्टिअरमन तासाला पंचेचाळीस-पन्नास लिटर पेट्रोल पितं. आपला ट्रॅक्टर पाच लिटर डिझेलमध्ये तेवढा वेळ राबतो. त्यावरून त्याच्या एका तासाची किंमत साध्या विमानाच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त का असते हे लक्षात येईल. म्हणून विहिरीच्या बाबतीत मी स्पष्ट लिहितो: विहीर पुढं ढकलू नका. पाणी खाली गेलं की ते वाट बघत नाही. विमानानं ऐंशी वर्षं वाट बघितलीय, ते आणखी एक वर्ष बघेल. यंदा त्यानं विहिरीचे पैसे पाठवावेत, मंजुरीचे कागद करावेत, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आणि सप्टेंबरात गेल्सबर्गला जाऊन एक तास, एकच, मागच्या बैठकीतून घ्यावा. नोकरी नीट असेल तर एवढं दोन्ही जमण्यासारखं आहे. त्या तासानंतर त्याचं मन कुठं आहे हे त्याला कळेल आणि त्याच्या आवाजावरून तुम्हालाही कळेल. काही जणांची हौस त्या एका तासात फिटते. काहींची फिटत नाही, मग ती तुम्ही आणि मी नाही म्हणून थांबणारी नसते. चोरून शिकण्यापेक्षा सांगून शिकलेलं बरं, असं मला वाटतं. पण मी आधीच म्हटलं, हे ठरवायचं तुम्ही.

त्यानं तुम्हाला विचारलं, हे मात्र मी पत्र वाचताना दोनदा अधोरेखित केलं.

राहिली थंडी. हो, वाजते. दर हजार फुटांना हवा साधारण दोन अंशांनी गार होत जाते, वर ताशी दीडशे किलोमीटरचा वारा तोंडावर. तिथल्या हिवाळ्यात तर उघड्या विमानात फारसं कुणी बसतही नाही. सप्टेंबरात स्वेटर लागेल. तुमच्या हातचा पाठवायचा असेल तर अंगासरसा विणा, बाह्या मनगटाला घट्ट. कानटोपी चालेल, हनुवटीखाली बंद असलेली. मफलर विणत असाल तर तेवढा राहू द्या. मोकळी वस्तू उघड्या बैठकीतून उडते, नाहीतर खाली दांड्यात नाही तर पेडलात अडकते. खिशातलं पेन आणि तो फोनसुद्धा खाली ठेवूनच वर जायचं, असं त्याला सांगा. म्हणजे वरून तो तुम्हाला फोन करणार नाही. उतरल्यावर करेल.

पुढच्या अंकात नगर आणि लातूरहून आलेली घरच्या सोयाबीन बियाण्याच्या उगवणीबद्दलची पत्रं घेऊ. कळावे, लोभ असावा.